धान घरात आलं की नाटक

गोंडपिपरीची बाजारपेठ रात्री आठ-साडेआठला मिटते. पानठेला तेवढा थोडा उशिरापर्यंत उघडा, बाकी रस्ता कुत्र्यांचा. पुण्या-मुंबईकडून बदलीवर आलेला नोकरदार पहिल्याच आठवड्यात विचारतो, संध्याकाळनंतर इथली माणसं करतात तरी काय? त्याला उत्तर मिळायला दिवाळी यावी लागते. भाऊबीज उलटली की चौकातल्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर भडक रंगांचे फलक चढतात, भोंगा बांधलेल्या गाड्या गावोगाव फिरायला लागतात, आणि एखाद्या धानाच्या बांधीत रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे चार-पाचला संपतं. हजारो माणसं कांबळी-चादरी पांघरून, तिकीट काढून बसलेली असतात. दुसऱ्या रात्री हाच खेळ पलीकडच्या गावात. होळीपर्यंत हे असंच चालतं.

ही झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. गोंडपिपरी तालुका त्याच्या दक्षिण टोकाला, वर्धा आणि वैनगंगा यांच्या बेचक्यात. खाली या दोन नद्या मिळून प्राणहिता होतात. वैनगंगा ओलांडली की आष्टी आणि गडचिरोली जिल्हा, वर्धा ओलांडली की तेलंगणा. मराठी नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या मुलखाची दखल फार उशिरा घेतली. सांगली, पुणे, मुंबई अशी त्यांची वाट ठरलेली. फार तर नागपूरपर्यंत येऊन ती वळायची. त्यामुळे एक साधा प्रश्न कित्येक वर्षं कोणी विचारलाच नाही: जिथे बांधलेलं नाट्यगृह नाही, मोठं शहर नाही, नियमित पगार असलेला मध्यमवर्ग मूठभर, तिथे तिकिटावरचं नाटक पिढ्यान्‌पिढ्या जगलं कसं? माझ्या मते त्याचं उत्तर कलेत शोधण्याआधी शेतात आणि घरात शोधावं. नाटक इथे गाव घालायचं, जसं कोणी जेवण घालतं. त्या यजमानपणाचं पुढे काय झालं, ते आता पाहू.

सुरुवात धानापासूनच करावी लागते, आणि धानाची सुरुवात तलावापासून. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालची जमीन देण्याचं धोरण ठेवलं, असं इंग्रजी अमदानीतले महसुली अहवाल सांगतात. १८६९ साली चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिणारा मेजर लुसी स्मिथ आणि पुढे १९०९ चं चांदा गॅझेटियर, दोन्हींत या तलावांविषयी आणि ते बांधणाऱ्या कोहळी समाजाविषयी लिहिलेलं आहे. पुढे हे तलाव मालगुजारांकडे गेले आणि ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या सरकारी नावाने आजही ओळखले जातात. या पाण्यावर एकच मोठं पीक निघायचं. आषाढात पऱ्हे, मग चिखलात रोवणी, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. पावसाळाभर कंबर वाकवून काम केलेल्या माणसाला कार्तिकात पहिल्यांदा उसंत मिळायची. अंगणात कापलेल्या धानाचं पुंजणं उभं, चुरणा म्हणजे मळणी झाली की कोठीत धान, हातात थोडा पैसा, आणि पुढचे तीन-चार महिने शेतात घाईचं काम नाही. रात्री थंड पण कोरड्या. उघड्यावर रात्र काढायला याहून चांगला हंगाम सापडायचा नाही.

या उसंतीत मंडई बसते. दिवाळीच्या पाडव्याला गोवारी गायी सजवून गायगोधन करतात आणि तिथून गावागावांत एकेका दिवसाची जत्रा सुरू होते. मंडईच्या रात्री काही तरी खेळ हवाच. नाटक येण्याच्या कितीतरी आधी तो खेळ म्हणजे दंडार असायची, किंवा खडी गंमत.

दंडारीत सगळे पुरुष, शेतात राबणारेच. बायकांची सोंगं तेच घेत. नुसत्या गाण्या-नाचाची दंडार होती, आणि कथानक घेऊन चालणारी परसंगी दंडारही होती. खडी गंमत म्हणजे तमाशाची झाडीतली बहीण: शाहीर, सोंगाड्या, लुगडं नेसून नाचणारा पोऱ्या, ढोलकी, डफ, तुणतुणं. सगळा खेळ उभ्याने. गणगौळणीने सुरू होऊन तो मध्यरात्रीनंतर अशा जागी जायचा की म्हाताऱ्या बाया पदराआड हसायच्या आणि पोरांना झोपेचं सोंग घ्यावं लागायचं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीबरोबर या खेळांचाही अभ्यास केला, म्हणून आज आपल्याला त्यांच्याविषयी नीट काही सांगता येतं. नाही तर ‘खेड्यातला थिल्लरपणा’ म्हणून ते केव्हाच विस्मरणात गेले असते. गोंडपिपरीकडच्या वाचकाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. वर्धेपलीकडे, आसिफाबाद-आदिलाबादच्या राजगोंडांत दिवाळीला दंडारी आणि गुसाडी नाच निघतो, मोरपिसांचे उंच मुकुट घालून. नदीच्या दोन्ही काठांना दिवाळी अशी नाचत येते. कोणी कोणाकडून काय घेतलं याचा वाद अभ्यासक घालोत.

नाटक आलं ते या तयार बैठकीवर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत संगीत नाटकाचं वेड मराठी मुलखात सगळीकडे पसरलं. मध्य प्रांतातलं त्याचं ठाणं नागपूर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याकडे छोटी रेल्वे धावू लागली आणि झाडीतला शिकलेला पोरगा, मालगुजाराचा मुलगा, शाळामास्तर नागपूरला जाऊन नाटक पाहून येऊ लागला. तो परत येताना डोक्यात पदं घेऊन यायचा.

गावात मग नाट्यमंडळ निघायचं. दसऱ्याच्या सुमारास तालमी सुरू. दिवसभर विळा चालवायचा, रात्री कंदिलाच्या उजेडात नक्कल पाठ करायची. ज्याला अक्षरओळख नाही त्याला दुसरा वाचून दाखवायचा आणि तो ऐकून पाठ करायचा. पेटी वाजवणारा मास्तर बाहेरून बोलवायचा आणि त्याचं जेवणखाण वाटून घ्यायचं. पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकांना मान होता, सामाजिक नाटकं मागाहून आली. स्त्रीपात्रं आधी पुरुषच करत. पुढे नागपूरहून नटी आणायची पद्धत पडली. गावचा हिशेब असा बसायचा: पुरुष घरचे, बाई बाहेरची, पडदे भाड्याचे. नटी दोन दिवस आधी यायची, एखाद्या बऱ्या घरात उतरायची, आणि जिच्यासोबत तिने एकही तालीम केलेली नाही त्या मंडळीत उभी राहून रात्र निभावून न्यायची. या बायांनी काय सोसलं आणि काय कमावलं, हे कोणी तरी बसून लिहायला हवं होतं.

रंगमंच दर वर्षी नवा. कापणी झालेली एखादी बांधी निवडायची, धुऱ्याचा आधार घ्यायचा, माती उपसून एका बाजूला उंच करायची. माती गेली तिथे बैठकीला आपोआप उतार मिळायचा आणि मागच्यालाही पुढचं दिसायचं. वर बांबू आणि तट्टे, समोर पडदा, उजेडाला गॅसबत्त्या. बत्ती मंदावली की मधल्याच प्रवेशात एक जण येऊन पंप मारून जायचा, आणि रंगमंचावरचे शिवाजी महाराज तेवढा वेळ थांबायचे. वाचताना गंमत वाटते. प्रेक्षकाला वाटत नव्हती. राजा त्याच्या ओळखीचा होता, पंप मारणाराही.

मंडईइतकंच, किंबहुना काही गावांत तिच्याहून मोठं, निमित्त म्हणजे शंकरपट. बैलजोड्यांच्या शर्यती. पट भरला की पाच-पन्नास गावांतून जोड्या येणार, त्यांच्यामागे माणसं येणार, आणि आलेली माणसं रात्री थांबणार. मग त्यांच्यासाठी नाटक. पटाच्या दिवशी त्या गावाचा चेहरा पाहावा. एरवी चार माणसांचं घर त्या दिवशी पंधरा-वीस पानांचं झालेलं असतं. लेकी-जावई आलेले, व्याही आलेले, मामेभावाचा साडू आलेला. ‘या जी पाव्हणे’ म्हणत पायावर पाणी घालायचं आणि आत चुलीपाशी दोन बाया सकाळपासून हललेल्या नसतात. उडदाचे वडे, नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, कोणाकडे कोंबडा, तलावाकाठच्या गावात झिंगे किंवा मासळी. नव्या धानाचा भात पाहुण्याच्या ताटात वाढण्यात यजमानाचा एक अभिमान असायचा, तो विकतच्या पुरणपोळीतही यायचा नाही.

संध्याकाळी जेवणं उरकली की घरादाराला कुलूप. आधी पोरं चटई घेऊन जागा धरायला पळतात. दुकानांची रांग लागलेली असते: गरम भजे, जिलेबी, शिंगाडे, ऊस, भुईमुगाच्या शेंगा, आणि चहा, चहा, चहा. पानठेल्यावर खर्रा घोटणं चाललेलं. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी: कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घेऊन लाकडावर घासायचा, घासत राहायचा, चुना सगळीकडे सारखा लागेपर्यंत. नाटकाच्या रात्री हा घासण्याचा आवाज पहिल्या अंकापासून शेवटच्यापर्यंत पार्श्वसंगीतासारखा चालू असतो. तोंडाच्या कर्करोगाचे डॉक्टर या आवाजाने अस्वस्थ होतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

दारूचं प्रकरण निराळं. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून झाली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. त्यामुळे गोंडपिपरीकरांनी गेल्या तीस वर्षांत वैनगंगेचे दोन काठ कधी ओला-कोरडा, कधी कोरडा-कोरडा, पुन्हा ओला-कोरडा असे पाहिले. कागदावरचं हे गणित प्रत्यक्षात कसं उतरलं ते दोन्ही काठांना माहीत आहे. नाटकाच्या मांडवात मात्र बायका-पोरं बहुसंख्येने असतात, आणि तोल गेलेल्याला मंडळाचीच पोरं काखेत धरून बाहेर नेतात. शहरात रात्रीचं मनोरंजन बहुतेक तरुण पुरुषांचं, पैसेवाल्यांचं. इथे आजी, सून आणि मांडीवरचं तान्हं पहाटेपर्यंत एका चटईवर असतात. झोप आली की पोर तिथेच झोपतं. सोयरिकीही इथेच जुळायच्या. पाहुण्यात आलेला मुलगा कोणाचा, शेत किती, अशी विचारपूस दुसऱ्या अंकात सुरू होऊन पहाटेच्या चहापर्यंत ‘येऊन जा एकदा घरी’ इथवर यायची.

स्वातंत्र्यानंतर या सगळ्याचा पाया हलला. त्या वेळचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने तिथली मालगुजारी संपली. वाड्यावर दंडार बोलवणारा, नटीला उतरायला खोली देणारा, तोटा आला तर भरून देणारा धनी गेला किंवा निदान आटला. कला बुडायला एवढं कारण पुष्कळ होतं. संस्थानं गेली तेव्हा महाराष्ट्रात आणि इतरत्र काय काय बुडालं ते आपण वाचलेलं आहे. झाडीत नाटक बुडालं नाही, कारण त्याचा भार आधीच गावाने अर्धा उचलला होता. आता सगळाच उचलला. मंडळाने वर्गणी काढायची, तिकीट लावायचं, शिल्लक राहिली तर देवळाच्या कळसाला, शाळेच्या खोलीला, व्यायामशाळेला. तोटा आला तर पुढच्या वर्षी पुन्हा. तिकीट विकत घेणारा माणूस करमणूक विकत घेत होता आणि शेजारच्या गावाचं देणंही फेडत होता. त्यांनी आपल्या पटाला येऊन पन्नास तिकिटं फाडली, आपणही त्यांच्या पटाला जायचं. ही उसनवारी लग्नातल्या आहेरासारखी पक्की. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. नकाशे बदलत गेले, नाटकाच्या देवघेवीने त्यांची फारशी पर्वा केली नाही.

खरा बदल त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत झाला, आणि तो बाहेरून लादलेला नव्हता. गावच्या पोरांनी तालीम करायची आणि नटी बाहेरून आणायची, या पद्धतीत हळूहळू बाहेरून आणायच्या माणसांची यादी वाढत गेली. आधी नटी. मग विनोदी नट, कारण शेजारच्या गावाने आणला होता. मग खलनायक. मग ऑर्गनवाला, तबलजी, ऑक्टोपॅड. शेवटी कोणीतरी हिशेब केला, की एवढी माणसं वेगवेगळी गोळा करण्यापेक्षा तयार नाटकच का आणू नये? कंपन्या उभ्या राहिल्या त्या इथून. आणि उभ्या राहिल्या त्या बहुतेक एकाच गावात: वडसा, म्हणजे देसाईगंज.

वडसाच का, याचं उत्तर नकाशा देतो. वैनगंगेच्या काठी, चारही जिल्ह्यांना जवळ पडेल असं हे ठिकाण. गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वेचं स्थानकही वर्षानुवर्षं एवढंच. नागपूरची नटी रेल्वेने येऊ शकते, भंडाऱ्याचा मंडळवाला एका दिवसात येऊन जाऊ शकतो. दिवाळीच्या आधीपासून तिथे कंपन्यांची कार्यालयं थाटली जातात, फलकांवर नटांचे फोटो झळकतात, आणि गावोगावचे मंडळवाले ‘यंदा कोणतं नाटक हाय जी?’ विचारत एका दारातून दुसऱ्या दारात फिरतात. तारीख, नाटक, नट, रक्कम ठरते, विसार दिला जातो. अशा पन्नासच्या आसपास कंपन्या वडशात असल्याचं वर्तमानपत्रं सांगत आली आहेत, आणि हंगामाची एकूण उलाढाल कोटींत मोजली जाते. मुंबईतल्या निर्मात्याला नाट्यगृहाच्या तारखेसाठी रांगेत उभं राहावं लागतं. इथे प्रेक्षकांचा प्रतिनिधीच निर्मात्याच्या दारात रांगेत असतो.

या व्यवस्थेने नटाचं आयुष्य बदललं. पूर्वी वर्षातून एक-दोन रात्री रंग लावणारा शेतकरी आता सलग तीन-चार महिने रोज रात्री उभा राहू लागला. दिवसा गाडीत किंवा गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात झोप, संध्याकाळी पुन्हा रंग. आज एक नाटक, उद्या दुसरं. एवढ्या नकला पाठ कोण करणार? म्हणून झाडीत प्रॉम्प्टरचं पद अजून जिवंत आहे. कडेला बसून तो पुढचं वाक्य हळू आवाजात पुरवतो, आणि कसलेला नट ते उचलून आपल्या ढंगात असं फेकतो की पहिल्या रांगेलाही शंका येऊ नये. शहरी समीक्षकाला हे कच्चेपण वाटलं. मला यात एक निराळं कौशल्य दिसतं, कीर्तनकाराच्या जवळचं. संगीताचंही तसंच. पुण्या-मुंबईत नाट्यपद हा स्मरणरंजनाचा विषय झाला, तेव्हा झाडीत ऑर्गनवर पद सुरू होतं आणि वन्स मोअर येत होते. पदाच्या पाठोपाठ लावणी आणि तिच्या पाठोपाठ सिनेमाचं गाणं यायचं, हेही सांगून टाकलेलं बरं.

या काळाने आपले मानकरी घडवले. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे हे त्यांतलं सगळ्यांत ओळखीचं नाव. विनोदी भूमिकांमुळे त्यांना ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणतात. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सरकारी परिचयात पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका अशी नोंद होती. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांनी वेगळी वाट धरली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय विदर्भभर वर्तमानपत्रांतून येत असताना त्यांनी ‘आत्महत्या’ हे नाटक शेतकऱ्यांच्याच पुढे ठेवलं. धानाच्या भावाने गांजलेला माणूस बायकोपोरांसह समोर बसलेला, आणि रंगमंचावर त्याचीच गोष्ट. शहरात असं नाटक पाहून लोक हळहळून घरी जातात. इथे हळहळ करायला अंतर नव्हतं.

मात्र सगळं काही सदानंद बोरकरांच्या वाटेने गेलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. स्पर्धा वाढली तशी नाटकांची नावं अधिकाधिक रडवी झाली. कुंकू, सासू, सवत, रक्त आणि कर्ज यांच्या जोडशब्दांनी फलक भरले. नाच वाढला, अंक पातळ झाले. शहरातले ओळखीचे चेहरे एखाद्या रात्रीपुरते आणून त्यांचा फोटो मोठा छापायची चढाओढ लागली. जुने रसिक ‘आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ म्हणू लागले, तसं ते प्रत्येक पिढीत म्हणतातच. तरी त्यांच्या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे: गावातल्या पोराच्या तोंडाला रंग लागेनासा झाला. यजमान होता तो ग्राहक होऊ लागला.

त्यानंतर धक्के बसले ते एकामागून एक. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवर बंदी कायम केली. निकाल प्राण्यांच्या छळाबद्दल होता, आणि शर्यतीत बैलांवर अत्याचार होत नव्हते असं कोणी शपथेवर म्हणणार नाही. मात्र त्याचा एक परिणाम दिल्लीत कोणाच्या ध्यानात येण्यासारखा नव्हता. पट बंद म्हणजे दुपारची गर्दी बंद, गर्दी नाही म्हणजे पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत तर रात्री तिकीट कोण फाडणार? कित्येक गावांनी शर्यतीविनाच पटाच्या तारखेला नाटक ठेवून पाहिलं. मंडई शाबूत होती म्हणून कंपन्या तगल्या. मग २०१६. त्या वर्षी भाऊबीज १ नोव्हेंबरला झाली, आणि ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या. धान विकून आलेला पैसा नोटांत, विसार नोटांत, तिकीट नोटांत, नटाची बिदागी नोटांत. हंगाम नुकताच उघडला होता. २०१७ साली राज्याने शर्यतींसाठी कायदा केला, त्यालाही न्यायालयात स्थगिती मिळाली. आणि २०२० ची दिवाळी आली ती टाळेबंदीच्या छायेत. जिथे माणसाला माणूस चिकटून बसण्यावरच सगळा खेळ उभा, तिथे अंतर राखून नाटक करा म्हणणं म्हणजे करू नका म्हणणंच होतं. नट मजुरीला गेले, भाजी विकायला बसले, शेताकडे वळले. बऱ्याच जणांकडे शेत होतं, हे त्यांचं नशीब.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्या दोन तारखांच्या मध्ये, जून २०२२ मध्ये, तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांची गोष्ट, त्यांच्याच भाषेत. पट परतला, पद्मश्री आली, पडद्यावर नाव आलं. कौतुकाचे लेखही पुष्कळ आले, आणि त्यांतल्या बहुतेकांना उलाढालीचा आकडा सगळ्यांत नवलाचा वाटला. माझ्या लेखी नवल त्या आकड्याचं नाही. नाटकाच्या रात्री गावात चुली किती पेटतात आणि एकेका घरात पानं किती मांडली जातात, त्याचा आकडा कोणी काढलेला नाही. कंपन्यांचा धंदा उभा आहे तो त्या चुलींवर.

त्या चुलींपुढे आता वेगळे प्रश्न आहेत. शिकलेला मुलगा नागपूर-पुण्याला, रोवणीला मजूर मिळत नाही, कापणीला यंत्र येतं आणि धान बांधीतूनच थेट गाडीत भरून जातं. अंगणातलं पुंजणं दिसेनासं झालं आहे. हातात फोन आहे आणि त्यात रोज रात्री नाटकाहून झगमगीत काही तरी चालू असतं. तरी तिकिटं फाटतात. काही गावांनी जुनी रीतही सोडलेली नाही. तिथे दसऱ्याला आजही तालीम सुरू होते, किराणा दुकानदार, पोस्टमन, ट्रॅक्टरवाला असे कोणकोण एकत्र बसून नक्कल पाठ करतात, नटी तेवढी बाहेरून येते. गोंडपिपरी तालुक्यात धाब्याला कोंडय्या महाराजांची यात्रा भरते, वैनगंगेवर मार्कंड्याला महाशिवरात्रीची. तोवर थंडी ओसरायला लागलेली असते आणि वडशाच्या कार्यालयांतले फलक एकेक करून उतरू लागतात. आपापल्या नाटकाचा हिशेब मांडायला गावोगावची मंडळं बसतात: स्टेजचे इतके, कंपनीचे इतके, वीजबिल, भोंग्याच्या गाडीचं डिझेल, शिल्लक इतकी. मग पुढच्या वर्षी कंपनी आणायची की आपणच करायचं, यावर वाद होतो. म्हातारे आपणच करू म्हणतात, पोरं कंपनी म्हणतात, आणि तिकिटाची पेटी ज्याच्या ताब्यात असते तो बहुधा पोरांच्या बाजूने मत देतो.